भुतांच्या रात्री लावायचं काय?

२०२४ साली नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला आली. पहाटे सावंतवाडी-बांद्याकडे आणि पलीकडे गोव्यात नरकासुर जळाले, आणि त्याच संध्याकाळी न्यू जर्सीपासून पुण्यातल्या सोसायट्यांपर्यंत कोरलेले भोपळे, सांगाडे आणि चेटकिणींच्या टोप्या बाहेर पडल्या. दोन्ही प्रकार तसे एकाच जातीचे. भयंकर चेहरे करायचे, रात्र जागवायची, पोरांना मोकळं सोडायचं. हॅलोविनमागे आयर्लंडातल्या जुन्या हंगामबदलाच्या सणाची आणि १ नोव्हेंबरच्या ख्रिस्ती संतदिनाची सरमिसळ आहे, नरकासुरामागे कृष्णाची कथा आहे. पण गवत, कागद आणि बांबूचा तो धिप्पाड राक्षस चौकात उभा करून त्याच्यापुढे रात्रभर नाचणाऱ्या मंडळाला हॅलोविन म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

फरक आहे तो संगीतात. हॅलोविनच्या पार्टीत करकरणारी दारं, चर्चमधला ऑर्गन, लांडग्यांची केकाटणी आणि मध्येच एखादी किंकाळी लागते. नरकासुरापुढे ढोल वाजतो, नाहीतर डीजे. त्यावर जी गाणी लागतात तीच वरातीत लागतात, तीच गणपतीच्या मिरवणुकीतही लागतात. नरकासुराच्या डोळ्यांत लाल दिवे असोत की तोंडातून धूर निघो, त्याला कुणी घाबरत नाही, आणि त्याचीही तशी काही अपेक्षा नसते.

म्हणून मालवणात कुणी ३१ तारखेला पार्टी ठरवली, मग तो तारकर्लीतला होमस्टेवाला असो की मुंबईहून सुट्टीला आलेली भाचरं असोत, आणि ‘भीती वाटेल अशी गाणी सांगा’ म्हणून विचारलं, तर उत्तर सोपं नाही. तयार याद्या हव्या तेवढ्या मिळतात. त्या लावल्या की पहिली पाच मिनिटं गंमत वाटते, मग पाहुणे आपापसात बोलायला लागतात आणि ऑर्गन पंख्याच्या घरघरीसारखा मागे राहून जातो. असं का होतं, ते समजून घ्यायला आधी त्या याद्यांत असतं काय ते पाहू.

पाश्चात्त्य संगीतातली भुताटकीची पेटी बऱ्यापैकी जुनी आहे. तिच्यातलं सगळ्यात नावाजलेलं हत्यार म्हणजे सा आणि तीव्र मध्यम यांच्यातलं अंतर. या स्वरजोडीला तिकडे अठराव्या शतकापासून सैतानाच्या नावाने ओळखतात. चर्चने तिच्यावर बंदी घातली होती अशी कथा हमखास सांगितली जाते, पण त्याला पुरावा नाही. फ्रेंच संगीतकार कामी सँ-सान्स याने १८७४ साली मृतांच्या नाचावर एक वाद्यवृंदरचना केली, ‘दांस माकाब्र’. तिच्यात हार्पवर मध्यरात्रीचे बारा ठोके पडतात आणि मग मृत्यू व्हायोलिन वाजवू लागतो. या व्हायोलिनची सगळ्यात वरची तार मुद्दाम अर्ध्या स्वराने उतरवलेली असते, म्हणजे मोकळ्या तारांवर गज फिरवला की तीच सैतानी जोडी वाजावी. हाडांच्या खडखडाटासाठी झायलोफोन. युरोपातल्या श्रोत्याला यातली खोच लगेच कळायची.

आता हीच जोडी आपल्याकडे आणा. गायनक्लासात जाणाऱ्या पोराला सुरुवातीच्या दिवसांतच यमन मिळतो. यमनात तीव्र मध्यम आहे आणि खाली तानपुऱ्यावर षड्ज अखंड चालू आहे. म्हणजे ज्या अंतराला तिकडे सैतान म्हणतात, ते इकडे दहा वर्षांची मुलगी संध्याकाळी फ्रॉक सावरत शांतपणे घोटते. या स्वरजोडीने मराठी कान दचकत नाही, दचकायचं कारणच नाही.

तालाचंही तसंच. जॉन कार्पेंटरने १९७८ साली ‘हॅलोविन’ नावाचाच चित्रपट काढला आणि त्याचं संगीतही स्वतः केलं. पियानोवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा येतं, आणि ते पाच मात्रांच्या आवर्तनात बसवलेलं आहे. हा पाचाचा ठेका त्याला लहानपणी वडिलांनी बोंगोवर शिकवला होता, ते संगीताचे शिक्षक होते. चार मात्रांना सरावलेल्या अमेरिकन माणसाचा पाय या तालावर अडखळतो, आणि अडखळलेल्या पायाला अस्वस्थ वाटतं. आपल्याकडे झपतालाच्या दहा मात्रा आणि रूपकाच्या सात मात्रा देवळातल्या भजनातही ऐकू येतात. भजनाच्या डबलबारीला बसून बुवांची लयकारी रात्रभर मोजणाऱ्या कुडाळच्या माणसाला पाच मात्रांनी घाबरवायला निघणं म्हणजे मच्छीमाराला पाण्याची भीती घालणं.

मग आपल्या संगीतात अस्वस्थ करणारं काहीच नाही का? आहे, पण ते वेगळ्या जागी आहे. मारवा घ्या. कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य, वेळ सूर्यास्ताची. पंचम नसल्याने तानपुऱ्याची पहिली तार निषादाला लावतात. आणि मुख्य म्हणजे गाणारा षड्जावर सहसा टेकत नाही, त्याच्या अवतीभवती फिरत राहतो. ज्या घरट्यावर परतायची कानाला सवय, ते समोर दिसत असून तिथे पोचू दिलं जात नाही. मारवा भुतांचा राग आहे असं कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण दिवेलागणीला पडवीत पाहुणे जमू लागले असताना हलक्या आवाजात लावलेला मारवा जे काम करतो, ते लांडग्यांच्या केकाटण्याने होत नाही. मालवणात मुळात लांडगे केकाटत नाहीत. कोल्हे ओरडतात.

काही आवाज मात्र देश-भाषा न पाहता साऱ्यांनाच लागू पडतात. कॅलिफोर्नियातले जीवशास्त्रज्ञ डॅनियल ब्लमस्टीन मार्मोट नावाच्या, खारीच्या कुळातल्या प्राण्यांवर काम करत होते. पिल्लं पकडली की ती जे किंचाळतात त्या आवाजात एक फाटलेपण असतं. गळा झेपेल त्यापलीकडे ताणला गेला की सूर तुटतो, उड्या मारतो, खरखरतो. २०१० साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १०२ चित्रपटांतली दृश्यं तपासली, तेव्हा भीतिपटांत हा फाटलेला आवाज अपेक्षेपेक्षा जास्त आढळला. संगीतकारांना मार्मोट ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांना ते कानाने सापडलं होतं. हिचकॉकच्या ‘सायको’मध्ये (१९६०) न्हाणीघरातल्या खुनाच्या वेळी बर्नार्ड हरमनने फक्त तंतुवाद्यं वापरली आहेत. हिचकॉकला त्या प्रसंगाला संगीतच नको होतं. हरमनने तरीही ते करून ऐकवलं, आणि व्हायोलिनं चक्क किंचाळली. पुढे २०१५ साली मेंदूशास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं की साध्या बोलण्यात आवाजाचा चढउतार सेकंदाला चार-पाच वेळा होतो, तर किंकाळीत तो तीस ते दीडशे वेळा होतो, आणि मेंदूतलं धोक्याची नोंद घेणारं केंद्र त्याच खरखरीला जागं होतं.

तेव्हा किंकाळी हा हुकमी एक्का आहे. पण एक्का डावात एकदाच उतरवायचा असतो. तयार याद्यांची फजिती इथेच होते. दर दोन मिनिटांनी कुणीतरी किंचाळतं, आणि चौथ्या खेपेला माणसं तिकडे लक्षही न देता सोलकढी ओतून घेतात.

याच ओघात ‘ऐकू न येणाऱ्या आवाजा’बद्दल. व्हिक टँडी नावाच्या ब्रिटिश अभियंत्याला प्रयोगशाळेत एकटं असताना घाम फुटायचा, डोळ्यांच्या कडेला राखाडी काहीतरी हलल्यासारखं वाटायचं. शोधता शोधता त्याला सापडला एक नवा बसवलेला पंखा. त्याने खोलीत सुमारे १९ हर्ट्झची, म्हणजे माणसाच्या श्रवणकक्षेच्या किंचित खालची, स्थिर लहर तयार केली होती. १९९८ साली त्याने त्यावर निबंध लिहिला आणि तेव्हापासून ‘भुताची वारंवारता’ म्हणून १९ हर्ट्झचे ट्रॅक फिरत आहेत. नंतरच्या प्रयोगांत निकाल एवढे स्वच्छ आले नाहीत. आणि समजा आले असते, तरी आपल्या हातात मावणाऱ्या स्पीकरमधून शंभर हर्ट्झच्या खालचं फारसं काही नीट उमटत नाही. मोबाइलवर असला ट्रॅक लावून कुणाला भूत दिसलं, तर दोष बाटलीत शोधावा.

सगळ्यांना लागू पडणारे आवाज एवढेच, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सारी भीती शिकलेली असते, आणि ती आपण गावात शिकतो.

सिंधुदुर्गातला माणूस लहानपणी कशाला भ्यायला शिकतो? देवचाराला. गावाच्या शिवेवर फिरणारा हा राखणदार. खांद्यावर कांबळ, हातात घुंगरांची काठी. त्याला पाहिल्याचं सांगणारे थोडे, ऐकल्याचं सांगणारे बक्कळ. काठी टेकल्याचा आवाज, त्यामागून घुंगरांची छमछम, मग पुन्हा काहीच नाही. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. जयवंत दळवींचं हे गाव. वेतोबाला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावभर फिरतो आणि चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. घाबरवायला नव्हे, राखायला फिरतो. तरीही त्या भागातल्या पोराला रात्री पाणंदीत मागून जड पावलं ऐकू आली तर वळून पाहायचा धीर व्हायचा नाही. त्यात टिटवीचं ओरडणं अपशकुनी, पिंगळ्याचं बोलणं त्याहून अपशकुनी. रातवा नावाचा पक्षी, जो दिवसा पाचोळ्यात बसला तर पायाखाली येईपर्यंत दिसत नाही, तो रात्री एकसुरी चक-चक-चक करत राहतो. तो पक्षी आहे हे माहीत असणाऱ्यालाही हा आवाज नेमका कुठून येतोय ते सांगता येत नाही. माडाची सुकलेली झावळं वाऱ्यात एकमेकांवर घासतात, त्यांचा आवाज कुणीतरी कोरी साडी नेसून चालल्यासारखा येतो.

यातला प्रत्येक आवाज बारीक आहे. एकालाही चाल नाही. आणि एकाचाही धनी समोर दिसत नाही. ‘कोण आसा रे थंय?’ असं विचारायला लावतो तो आवाज, आणि उत्तर आलं नाही की पुढचं काम आपलं डोकं करतं.

चित्रपटवाल्यांना हे कोडं सुटलं ते १९४९ साली, ‘महल’मध्ये. खेमचंद प्रकाश यांचं संगीत आणि तेव्हा फारशी कुणाला माहीत नसलेली लता. ‘आयेगा आनेवाला’च्या सुरुवातीच्या ओळी दुरून जवळ येत असल्यासारख्या वाटाव्यात म्हणून गायिकेला मायक्रोफोनपासून लांब उभं केलं आणि गात गात पुढे यायला सांगितलं. तंत्र म्हणाल तर एवढंच. गाण्यात किंकाळी नाही, सैतानी स्वर नाही, आवाज तर मधासारखा. तरी अंगावर काटा येतो, कारण कोणीतरी येतंय आणि ते कोण ते कळत नाही. गंमत म्हणजे ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचं नाव न छापता पात्राचं नाव ‘कामिनी’ छापलं होतं. रेडिओवर गाणं ऐकून लोक विचारत राहिले की ही गाते कोण? भुताचं गाणं, आणि गाणारीचाही पत्ता नाही.

मराठीत या घराण्याचं गाणं म्हणजे ‘रात्रीस खेळ चाले’. १९७६ सालचा ‘हा खेळ सावल्यांचा’ हा चित्रपट, शब्द सुधीर मोघे यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकर यांची, आवाज महेंद्र कपूर यांचा. त्याचं नाव घेतलं की आजच्या पोरांना मात्र गाणं नव्हे, अण्णा नाईक आठवतात. झी मराठीवर २०१६ साली त्याच नावाची मालिका आली, अण्णा नाईक हे तिच्यातलं पात्र. चित्रीकरण आपल्या सावंतवाडीजवळच्या आकेरीच्या वाड्यात, पात्रांच्या तोंडी मालवणी. पुढे २०१९ आणि २०२१ साली तिचे आणखी दोन भाग निघाले, आणि आकेरीचा तो वाडा पाहायला पर्यटक यायला लागले. मालिकेने अख्ख्या महाराष्ट्राच्या कानांना एक गोष्ट शिकवली. रातकिडे, कौलांवरचा वारा आणि मालवणी हेल एकत्र आले की काहीतरी विपरीत घडणार. मालवणी माणसाला याचा थोडा रागही आहे. आमची बोली ऐकली की लोकांना भूतच का आठवावं? रास्त तक्रार आहे. पण पार्टीत पाहुणे पुण्या-मुंबईचे असतील तर यजमानाने या गैरसमजाचा खुशाल फायदा घ्यावा.

मराठी पडद्यावर खऱ्या अर्थाने भीती घालणारी गाणी तशी थोडीच. आपलं भूत बहुधा हसवतं. १९९३च्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू घ्या. रामदास पाध्ये यांच्या हातातला तो बाहुला, त्याचा चिरका आवाज, मंत्र म्हणण्याची लकब. त्यावर मुलं घाबरलीही आणि शाळेत जाऊन त्याच्या नकलाही करत बसली. ही काही मराठी सिनेमाची कमजोरी नव्हे. त्याचं मूळ कुठे आहे ते पाहायला जत्रेत जायला हवं. पण त्याआधी आचऱ्याला.

मालवण तालुक्यात आचरा, चिंदर, वायंगणी अशा काही गावांत गावपळण होते. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवतेचा कौल घेतात, आणि ठरल्या दिवशी अख्खं गाव घरंदारं सोडून वेशीबाहेर पडतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन दिवस, तीन रात्री. समजूत अशी की तेवढा काळ गाव भुताखेतांना मोकळं सोडायचं, देव त्यांचा बंदोबस्त करतो, आणि परतायचा कौल मिळाला की धुतल्यासारख्या स्वच्छ झालेल्या गावात पुन्हा नांदायचं. यामागे साथीचे रोग, शत्रूचा हल्ला अशी निरनिराळी कारणं अभ्यासक सांगतात. आपल्याला इथे कारणाशी कर्तव्य नाही, आवाजाशी आहे.

गावाच्या आवाजाकडे आपलं एरवी लक्ष नसतं. पंपाची घुरघुर, कोंबड्याचं आरवणं, शेजारच्या टीव्हीवरची मालिका, भांड्यांचा खणखणाट, कुत्र्यांचं भुंकणं. गावपळणीत हे सारं एका दुपारी थांबतं. कुत्रंसुद्धा भुंकायला उरत नाही. तीन रात्री त्या गावात काय वाजतं ते ऐकायला रीतीप्रमाणे कुणी मागे राहत नाही, म्हणून तर ती शांतता इतकी भरलेली वाटते. आणि त्याच वेळी वेशीपलीकडच्या झोपड्यांत काय चाललेलं असतं? भजनं, फुगड्या, गाणी, पत्ते, माशांची आमटी, उशिरापर्यंत हास्यविनोद. मुंबईचे चाकरमानी खास रजा काढून येतात. ज्यांना गावपळणीत भीतीचं वातावरण असेल असं वाटतं, त्यांनी एकदा त्या झोपड्यांत जाऊन यावं.

माझ्या मते भुतांच्या रात्रीची याहून शहाणी आखणी जगात कुठे नसेल. भुतांची जागा वेगळी, माणसांची जागा वेगळी. तिकडे शांतता, इकडे जल्लोष. एकाच खोलीत, एकाच स्पीकरवर, भीती आणि नाच दोन्ही उतरवण्याचा अट्टहास नाही. तयार यादीची दुसरी चूक हीच असते. ती एकाच दमात घाबरवायलाही बघते आणि नाचवायलाही. १९८२च्या मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ने ते जमवलं असं म्हणतात. पण ते नाचाचंच गाणं आहे. भीतीचं काम त्यात शेवटी व्हिन्सेंट प्राइस नावाच्या भीतिपटांतल्या नटाकडे सोपवलं आहे, आणि तो गात नाही, बोलतो.

ज्याला या दोन गोष्टी आळीपाळीने कशा करायच्या ते पाहायचं असेल त्याने धयकालो पाहावा. दशावताराला गावाकडे हेच म्हणतात, कारण रात्रभराचा खेळ पहाटे दहीकाल्याने संपतो. कार्तिकात जत्रांचा हंगाम सुरू होतो, म्हणजे हॅलोविनच्या थोडंसंच नंतर. वालावलकर, पार्सेकर, मोचेमाडकर, नेरूरचं कलेश्वर अशी मंडळं मग वैशाखापर्यंत गावोगाव फिरतात. रंगमंच म्हणजे मागे पडदा, मध्ये एक बाकडं. वाद्यं तीन: पायाने भाता मारायची पेटी, पखवाज, झांज. संहिता नाही. आख्यान ठरलेलं, पदं पाठ, संवाद उभ्या उभ्या रचायचे.

पूर्वरंगात, ज्याला आडदशावतार म्हणतात त्यात, गणपती येतो, मोरावर बसून सरस्वती येते, आणि मग संकासूर येतो. वेद पळवणारा हा राक्षस नखशिखांत काळा. पोशाखाने पाहिलं तर जगातल्या कुठल्याही हॅलोविनमध्ये पहिलं बक्षीस मिळवील. आणि तो करतो काय? मालवणीत थट्टा. देवांची, भटजीची, समोर बसलेल्या गावकऱ्यांची, या वर्षीच्या आंब्याची. लोक हसून लोटपोट होतात. विष्णू शेवटी त्याला मारतो, पण तोवर त्याने सगळ्यांची कामगिरी खाऊन टाकलेली असते.

खरा राक्षसपार्टी, म्हणजे राक्षसाची भूमिका करणारा नट, येतो तो उत्तररंगात, मध्यरात्र उलटल्यावर. तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं आईच्या मांडीवर झोपलेली असतात, मोठ्यांचेही डोळे जडावलेले असतात, बाकड्यावर राजा-राणीचं एखादं संथ पद चाललेलं असतं. पद संपतं. पेटीवरचा हात थांबतो. एवढ्यात पडद्यामागून आरोळी येते. माणूस नाही, फक्त आरोळी. पखवाजावर थाप पडते, उघडी, जड. पुन्हा आरोळी, आता जवळून. झांज दाट होते, पखवाजाची लय चढत जाते, पेटी चाल सोडून एका सुराला चिकटते आणि तिथेच ताणून धरते. झोपलेलं पोर दचकून उठतं, आईचा पदर धरतं. आणि मगच पडदा बाजूला होतो. तोपर्यंत भीती बरीचशी खर्चून झालेली असते. रंगवलेला चेहरा समोर आल्यावर पोर डोळे वटारून पाहतं, पण रडत नाही. ऐकू येणं संपलं, दिसणं सुरू झालं. पुढे तलवारीचं युद्धनृत्य, त्यावर टाळ्या, नि थोड्या वेळाने पुन्हा एखादा विनोद.

आरोळीची ही परंपरा नाटकवाल्यांतही जुनीच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, आणि त्यानंतरच्या पौराणिक खेळांत राक्षस अशा काही डरकाळ्या फोडीत की पुढच्या पिढीने या नाटकांना त्या डरकाळ्यांवरून ‘अललडुर्र’ आणि मृदंगाच्या बोलांवरून ‘तागडथोम’ अशी नावं ठेवली. नावं ठेवणारे सुधारलेले होते. पण डरकाळी कधी आणि किती फोडायची याचं गणित दशावतारी नटाने सोडलं नाही. रात्रभरात हा प्रकार मोजक्या वेळा होतो. त्याच्या मागे-पुढे पदं, भांडणं, विनोद, चहा, चणे-फुटाणे सगळं असतं.

तेव्हा पार्टीची आखणी करायला बसलंच तर असं करावं. नाचायची जागा खळ्यात, भीतीची घरात. खळ्यात काय लावायचं ते मी सांगायची गरज नाही, तिथे नरकासुराची यादी चालेल. फक्त उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवावा लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत तसं आहे, आणि हा अडथळा नसून सोय आहे. दहाला खळ्यातला गोंगाट बंद झाला की कानांत जी पोकळी होते, ती विकत आणता येत नाही.

मग सगळ्यांना आत घ्यावं. आत काहीच ‘लावलेलं’ दिसता कामा नये. स्पीकर माजघरात सर्वांसमोर ठेवू नये. माळ्यावर, नाहीतर मागल्या पडवीत, नाहीतर रिकाम्या खोलीत दार लोटून ठेवावा. त्यावर फोनमधला तानपुरा लावावा, निषादाचा, आवाज एवढा कमी की बोलताना विसरायला व्हावं. लोक गप्पा मारू लागतील. भुताच्या गोष्टी आपोआप निघतील, मालवणात त्या काढाव्या लागत नाहीत. अर्ध्या-पाऊण तासाने एखादी गोष्ट ऐन रंगात आली असताना तानपुरा बंद करावा, हळूहळू नव्हे, एकदम. काय बदललं ते कुणाला सांगता येणार नाही, पण सगळे एकाच वेळी गप्प होतील. आपण ऐकत होतो हेच त्यांना ठाऊक नसतं, आणि संपल्यावर कळतं.

या शांततेत घालायला एकच आवाज पुरे. घरातल्या एका पोराला मागीलदारी उभं करावं, हातात काठी, काठीला पायातले घुंगरू बांधलेले. त्याने काठी चिऱ्यावर टेकायची, मनात पाच-सहा आकडे मोजायचे, पुन्हा टेकायची. एकदा मुद्दाम उशीर करायचा. नियमित ठोक्याला कान पुढच्या ठोक्याची जागा आधीच धरून ठेवतो. ती जागा रिकामी गेली की पोटात खड्डा पडतो. कार्पेंटरने पाचाच्या तालात जे साधलं तेच हे, आपल्या कानाला कळेल अशा भाषेत. रेकॉर्डिंग वापरू नये. खऱ्या घुंगरांचा आवाज भिंतीपलीकडून जसा येतो तसा स्पीकरमधून येत नाही, आणि मालवणी माणसाला दोन्हींतला फरक तत्काळ कळतो.

काही गोष्टी मात्र वगळाव्यात. देवळातल्या ढोलाचे जे ठेके वाजले की अंगात वारं येतं, अवसर उभा राहतो, ते पार्टीत वाजवू नयेत. देवाला गाऱ्हाणंही घालू नये, थट्टेतसुद्धा नाही. पाहुण्यांत कुणीतरी असं असतंच ज्याच्यासाठी तो खेळ नसतो. किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती वाड्यांत २ नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी दफनभूमीत मेणबत्त्या लावतात. दोन दिवस आधी शेजारी राहून तिथली भजनं भुताची म्हणून लावणंही तितकंच वाईट. ओळखीचा आवाज चालतो, हे खरं. पण काही आवाज ओळखीपलीकडे पूजेचे असतात.

लहान मुलं असतील तर काठी वगैरे सगळं रद्द. त्यांच्यासाठी कुणीतरी काळं कापड पांघरून संकासूर व्हावं आणि शाळेतल्या बाईंची नक्कल करावी. तेवढी भीती त्यांना पुष्कळ.

शेवटी पाहुणे घरी जाणार, आणि त्यातल्या काहींची वाट माडांच्या बागेतून असणार. त्यांना तसंच पाठवणं बरं नव्हे. ‘हा खेळ सावल्यांचा’मध्येच आशा भोसले आणि हेमंतकुमार यांनी गायलेलं ‘गोमू संगतीनं’ आहे, तेही हृदयनाथांचंच. दरवाजे उघडून ते मोठ्याने लावावं, बॅटऱ्या वाटाव्यात, आणि माणसांना दोघा-तिघांच्या घोळक्यांनी सोडावं.